मामांचा हात आणि ट्रॅक्टरची दांडी

गेल्या मे महिन्यात चोर्ला घाट उतरून डिचोली तालुक्यात मामांकडे गेलो होतो. वळवाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. मामेभावाने जुना ट्रॅक्टर घेतला आहे. घरामागच्या मोरड जमिनीत नांगरट चालली होती. मध्येच जांभा लागे, मध्येच भुसभुशीत माती. कठीण जागी मागची चाके जागीच फिरत आणि भाऊ दांडी वर-खाली करून घामाघूम होई. बांधावरून मामा म्हणाले, "अरे, आम्ही रुमणं हातानं तोलायचो. तुझ्या यंत्राला हात नाही काय?"

हात आहे, पण भाऊ तो वापरत नव्हता. सीटजवळ साधारण दोन दांड्या असतात. एक पोझिशन कंट्रोलची. ती ठेवाल त्या उंचीवर अवजार राहते. दुसरी ड्राफ्ट कंट्रोलची. ती ओढ ओळखते. माती कठीण लागली की नांगर वरच्या दांड्याला, म्हणजे टॉप लिंकला, पुढे रेटतो. तिथली स्प्रिंग दबते, हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह सरकतो आणि नांगर किंचित उचलला जातो. ओढ कमी होताच तो पुन्हा खाली येतो. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याने ही युक्ती काढली. १९२६ साली पेटंट झाले आणि १९३६ मध्ये अशी जोडणी असलेला त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला.

आमच्या सौ. धारवाडच्या. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे नेगिलाची मेळी दाबणं-सोडणंच की हो!" अगदी तेच.

पण हीच दांडी सगळीकडे चालत नाही. पेडण्याला मावशीच्या खाजनात चिखलणी करताना किंवा रोटाव्हेटर चालवताना पोझिशन कंट्रोलच हवा. मऊ चिखलात ओढच कमी. ड्राफ्टवर ठेवले तर अवजार खोल रुतत जाते.

दुपारी भावाने इंजिन बंद केले आणि नांगर तसाच वर ठेवून तो जेवायला आला. त्याचा धाकटा मुलगा सावली बघून नांगराखाली बसला होता, आणि थोरला सीटवर चढून दांड्यांशी खेळत होता. मामा एवढ्या जोरात ओरडले की पोरे जागीच थिजली. मामांनी धाकट्याला ओढून बाजूला घेतले. मग भावाने दांडी खाली केली आणि नांगर धप्पकन जमिनीत रुतला. इंजिन बंदच होते!

उचलायला इंजिन लागते, खाली यायला नुसते वजन पुरते. दांडीला धक्का लागला की झाले. कुणी हात लावला नाही तरी तेल झिरपून अवजार हळूहळू उतरते. म्हणून ट्रॅक्टर थांबवला की अवजार आधी जमिनीवर टेकवावे, किल्ली काढावी, मगच उतरावे. आणि उचललेल्या अवजाराखाली कुणीही जाऊ नये.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन एवढेच म्हणाले, "यंत्राला हात आहे रे, पण डोळे आपलेच."