समुद्रातली बॅटरी आणि आपल्या घरचा इन्व्हर्टर

आंबोली घाट चढून गडहिंग्लजला आलेला बांगडा विकत घेताना आपण दोनच गोष्टी बघतो. कल्ले लाल आहेत का, आणि भाव काय. तो पकडणाऱ्या नौकेला रात्रभर वीज पुरली का, हा प्रश्न आपल्या मनात येण्याचे कारणही नाही. पण घरी इन्व्हर्टर असलेल्या माणसाला तो लगेच समजेल.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी मासेमारी नौकांसाठीच्या ट्रान्सपॉन्डर योजनेची सुरुवात केली. ‘इस्रो’च्या तंत्रज्ञानावर आधारलेली, सुमारे ३६० कोटींची, १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांची योजना. खोल समुद्रातून संदेश पाठवता यावा, संकटात नौका सापडावी, हा हेतू. हेतूबद्दल वाद नाही. माझी तक्रार एवढीच की अशा यंत्रांची चर्चा होते, ती चालवणाऱ्या विजेची होत नाही.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-तास. पण शिसे-आम्लाची साधी बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते; म्हणून हाताशी ६०० धरा. जीपीएसचा पडदा सुमारे १२ वॉट खातो, ऐकत बसलेला वायरलेस चारेक, ट्रान्सपॉन्डरसारखे यंत्र तीनेक धरू. बारा तासांचे झाले २२८ वॉट-तास. हे परवडते. घात करतात ते दिवे! जुन्या पद्धतीचे २५ वॉटचे तीन बल्ब रात्रभर जळले की एकटे ९०० खातात. तेच दिवे तीन-तीन वॉटच्या एलईडीचे केले तर काम १०८ मध्ये भागते. म्हणजे महागड्या यंत्राचा जीव स्वस्त बल्बच्या हातात.

ट्रॉलरचे इंजिन चालू असते, बॅटरी भरत राहते. खरी अडचण जाळी सोडून, इंजिन बंद करून थांबणाऱ्या छोट्या नौकांची. त्यातही इंजिन सुरू करायला तीच बॅटरी असेल, तर मध्यरात्री बॅटरी वाचवण्यासाठी तांडेलाने यंत्रच बंद केले तर त्याला दोष कसा द्यायचा? त्या क्षणी किनाऱ्याच्या लेखी ती नौका नाहीशी झालेली असते.

म्हणून माझे मत असे की, अनुदानात यंत्रासोबत वेगळी छोटी बॅटरी, एलईडी दिवे आणि १०० वॉटचे सौर पॅनेल धरलेच पाहिजे. निरभ्र दिवशी असे पॅनेल ४०० वॉट-तासांच्या आसपास देते. वरच्या हिशेबातली ३३६ ची रात्र त्यात बसते. ढगाळ दिवसांत मात्र निम्मेही मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आणखी एक चोर आहे, खारी हवा. तारेचे टोक गंजले की वायरलेस ऐकताना ठणठणीत वाटतो, कारण तेव्हा त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी लागतो. बोलण्यासाठी बटण दाबताच तो पाच-सहा अँपिअर मागतो, गंजलेल्या जोडात व्होल्टेज पडते आणि नेमका मदत मागतानाच सेट बंद होतो. बंदरातून निघण्यापूर्वी एकदा बटण दाबून बोलून पाहिले, तर हा दोष तिथेच कळतो. टोके घासून, घट्ट आवळून वर ग्रीसचा हात फिरवायला दहा मिनिटे लागतात. आपल्या घरच्या इन्व्हर्टरलाही तेवढीच लागतील.