गोळीपूर्वी एक थेंब रक्त

१९५६ या एकाच वर्षी अमेरिकेत दोन शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यात डेनम हार्मन यांनी असा सिद्धान्त मांडला की, ऑक्सिजनचा विनियोग करीत असता पेशींच्या ठायी जे अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात, तेच पेशींची झीज घडवून आणतात आणि वार्धक्य हे त्या झिजेचेच दृश्य फळ होय. दुसऱ्यात शिकागो विद्यापीठाच्या कार्सन, फ्लॅनगन, इक्स आणि आल्व्हिंग या संशोधकांनी, हिवतापावरील प्रायमाक्विन या औषधाने काही माणसांच्या तांबड्या पेशी का फुटतात, याचे कारण एका विकराच्या उणिवेत शोधून काढले. ऑक्सिडीभवनाचा पेशींवर पडणारा ताण हाच दोन्ही निबंधांचा विषय. परंतु पहिल्याची कीर्ती औषधांच्या दुकानातील अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या रूपाने घरोघर पोहोचली, आणि ज्याचा संबंध आपल्याकडील हिवतापाच्या रोग्यांच्या जिवाशी आहे तो दुसरा मात्र पाठ्यपुस्तकातच राहिला. हा अग्रक्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या गोळ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. अमेरिकेतील तशाच एका चाचणीत, जीवनसत्त्व अ सोबत देऊनही, ही वाढ २८ टक्क्यांवर गेली आणि १९९६ साली ती चाचणी मुदतीपूर्वी बंद करावी लागली. ज्या क्रियाशील रेणूंना आपण सरसकट वैरी ठरविले, त्यांच्याच बळावर शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करतात, हे विसरून चालत नाही.

तांबड्या पेशीची गोष्ट निराळी आहे. तिला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, आणि तरीही सुमारे १२० दिवस ऑक्सिजनची ने-आण करण्याचे, म्हणजे ज्यापासून धोका त्यालाच सतत उराशी बाळगण्याचे काम तिच्याकडे आहे. पेशीत निपजणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा निकाल ग्लुटाथायोन नावाचा रेणू लावतो. पण एकदा कामी आलेला ग्लुटाथायोन बोथट होतो, आणि त्याला पुन्हा धार लावण्यासाठी एनएडीपीएच हे द्रव्य लागते. इतर पेशींत हे द्रव्य अनेक मार्गांनी मिळते. तांबड्या पेशीची अवस्था मात्र एकच शिकलगार असलेल्या गावासारखी असते, आणि तो शिकलगार म्हणजे जी-सिक्स-पीडी हे विकर. ते उणे असले तरी एरवी काही बिघडत नाही. प्रायमाक्विन शरीरात शिरल्यावर यकृतात त्यापासून जी द्रव्ये बनतात, ती पेशींत पेरॉक्साइडची भर घालू लागली की मात्र ग्लुटाथायोनचा साठा आटतो, हिमोग्लोबिन विटून त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात, प्लीहा अशा पेशी वेचून काढते, काही रक्तातच फुटतात, आणि रोग्याची लघवी काळसर होते.

हा दोष औषधाचा, रोग्याच्या रक्तद्रवाचा की खुद्द पेशीचा, हे ठरविण्यासाठी इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात जो प्रयोग झाला तो तर्कदृष्ट्या निर्दोष होता. ज्याला औषध सोसत नव्हते अशा माणसाच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या अंगात सोडल्या व त्याला प्रायमाक्विन दिले, तेव्हा परक्या पेशी फुटल्या आणि त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलट, निरोगी माणसाच्या पेशी त्या हळव्या माणसाच्या शरीरातही टिकल्या. दोष पेशीचाच, हे सिद्ध झाले. बंदिवानांच्या संमतीला खरी संमती म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या शरीराची किंमत देऊन मिळविलेले हे ज्ञान वापरात न आणणे मला अधिकच अक्षम्य वाटते.

ही उणीव दूरदेशीची नव्हे. जगातील सुमारे ४० कोटी लोकांत ती असावी असा अंदाज आहे. मुंबईच्या पारशी समाजात ती १९६३ सालीच नोंदली गेली. १९८४ साली एका कोळी कुटुंबात विकराचा जो नवा प्रकार सापडला, त्याला शास्त्रीय दफ्तरात कल्याण हेच नाव आहे. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ती मुख्यत्वे पुरुषांत प्रकट होते.

आता व्यवहार पाहावा. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून बसतो व महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याची पाळेमुळे खणण्यासाठी १४ दिवस प्रायमाक्विन देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. गर्भवतींना, तान्ह्या मुलांना व या विकराची उणीव असलेल्यांना ते देऊ नये, आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले वा ओठ निळसर पडले तर गोळ्या तत्काळ थांबवाव्यात, असेही राष्ट्रीय सूचनांत नमूद आहे. पण उणीव आहे की नाही याची खातरजमा आधी केलीच नाही, तर पहिली सूचना कागदावर राहते आणि दुसरीचा सारा भार रोग्यावर पडतो. आरोग्य केंद्रापासून कोसभर दूर असलेल्या पाड्यावरच्या मजुराने, तापाने आधीच पिवळ्या पडलेल्या लघवीचा बदललेला रंग ओळखावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

परीक्षा अवघड नाही. रक्ताचा एक थेंब द्रावणात मिसळून गाळणकागदावर टिपायचा आणि अतिनील दिव्याखाली तो चमकतो का पाहायचे. काही स्त्रियांतील मध्यम उणीव या परीक्षेतून निसटते, तरी पुरुषांपुरती ती भरवशाची आहे. मात्र ती औषधापूर्वीच व्हावयास हवी. कारण रक्तपेशी फुटून गेल्यावर अस्थिमज्जा ज्या कोवळ्या पेशी पाठविते त्यांत हे विकर अधिक असते, आणि तेव्हा केलेली तपासणी दोषी रक्तालाही निर्दोष ठरवू शकते. उणीव आढळली म्हणून रोगी उपचाराला मुकतो असेही नाही: आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याची मुभा जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे.

या तपासणीची नोंद कुष्ठरोग्याला डॅप्सोन देतानाही उपयोगी पडेल, आणि बाळंतिणीच्या खोलीतही. ट्रंकेतून काढलेल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या दुपट्यात ही उणीव असलेल्या बाळाला गुंडाळले, तर त्या गोळ्यांतील नॅप्थॅलीन त्याच्या रक्तपेशी फोडून तीव्र कावीळ आणू शकते. म्हणून माझी मागणी दोन कलमांची आहे. हिवतापाचा उपद्रव असलेल्या प्रत्येक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी उपलब्ध करावी, आणि प्रायमाक्विनची पहिली गोळी तिच्या निकालानंतरच द्यावी. तसेच नवजात बालकाच्या आरोग्यपत्रिकेवर रक्तगटाशेजारी या विकराचा एक रकाना असावा. अमेरिकेत २०१८ साली मान्य झालेले टॅफेनोक्विन हे एकाच मात्रेचे औषध आपल्याकडे सर्रास वापरावयाचे ठरले, तर ही तजवीज त्यापूर्वी पूर्ण झालेली असली पाहिजे. कारण प्रायमाक्विन काही तासांत शरीरातून ओसरू लागते आणि गोळ्या थांबवून हानी आवरता येते, परंतु टॅफेनोक्विन एकदा पोटात गेले की आठवडेच्या आठवडे रक्तात राहते.