चेहरा बदलला, हक्क नाही

आमच्या सल्ला केंद्रात ती आली, नवऱ्याने माहेरी आणून सोडल्याची तक्रार घेऊन. वय ३६. "माझं तोंड पुरुषासारखं झालंय म्हणतात, ताई." मी पोटगीच्या अर्जासाठी टिपणं घेत होते. बोलता बोलता कळलं, पायातली जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली होती. बांगड्या चढत नव्हत्या, पाळी थांबली होती, डोकं सतत दुखत होतं. पाळीसाठी अंगारा, डोक्यासाठी गोळी, चेहऱ्यासाठी टोमणे. सगळं एकत्र पाहणारं कुणी नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मलाही पहिल्या भेटीत फक्त 'टाकलेली बाई' दिसली.

रुग्णालयात निदान झालं, ॲक्रोमेगॅली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचं संप्रेरक जास्त पाझरतं. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. वाढत्या वयात हे झालं तर उंची बेसुमार वाढते. मोठेपणी हात-पाय, जबडा, नाक, जीभ वाढतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकारही जडतात. बदल इतका सावकाश होतो की निदानाला वर्षानुवर्षं लागतात.

लंडनची मेरी ॲन बेव्हन परिचारिका होती. तिला हाच आजार होता. १९१४ मध्ये नवरा वारला, पदरी चार मुलं. १९२० मध्ये ती अमेरिकेला गेली आणि कोनी आयलंडच्या जत्रेत 'जगातली सर्वांत कुरूप बाई' म्हणून उभी राहिली. लोकांनी तिकीट काढून पाहिला तो एक आजार. १९३३ मध्ये ती वारली. १९९६ मध्ये बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. कुरूपतेचा बाजार ही त्याच स्पर्धेची दुसरी बाजू.

आमच्या मैत्रिणीची गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढली. डोकेदुखी थांबली, सूज उतरली. पण वाढलेलं हाड मागे जात नाही. सासरचे विचारतात, "चेहरा कधी पहिल्यासारखा होणार?" माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच आपण मान्य करता कामा नये. बरी झाली तर घरात घेऊ, ही अट कायद्यात नाही आणि माणुसकीतही नाही.

आणि आपल्यासाठीही एक सांगणं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला मी आता विचारते: बांगडी चढते का? चपलेचा नंबर वाढला का? पाळी बिघडली का? टाकलेल्या बाईला वकील लागतो, तसा कधी आधी डॉक्टर लागतो.