एका फसलेल्या सहलीचा जमाखर्च



सहलीहून परत आलेल्या माणसाला विचारा, "कशी झाली सहल?" शंभरातले नव्वद जण "मस्त झाली" असेच सांगतील. पैसे गेलेले असतात, रजा गेलेली असते, आणि वर आपण फसलो हे शेजाऱ्याला कशाला सांगायचे? पण झाकून ठेवलेल्या फजितीतून कोणीच काही शिकत नाही. म्हणून आज आम्ही आमच्या वस्तीतल्या एका फसलेल्या सहलीचा जमाखर्च आपल्यापुढे मांडणार आहोत. हिशेबनीस आम्हीच होतो, त्यामुळे चुकांचा मोठा वाटाही आमचाच आहे.

वस्तीतल्या बावीस बायकांनी महिना पन्नास रुपयांप्रमाणे दहा महिने भिशी काढली. जमले अकरा हजार रुपये. बऱ्याच जणी धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या, दोघी कंपनीत ठेकेदाराकडे, एक भाजीच्या गाडीवर. आयुष्यात देवदर्शनाची नाही, लग्नकार्याची नाही, मयतीची नाही, तर निव्वळ हौसेची अशी ही पहिलीच सहल. लेकरांना धबधबा दाखवायचा, एवढे ठरले. साडेआठ हजारांत दिवसभराची मिनीबस ठरली. उरलेले अडीच हजार चहा-नाश्त्याला. भाकरी, चटणी, अंडी ज्याची त्याने आणायची.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कष्टकऱ्याला सुट्टीची चैन कशाला, असे म्हणणारे आजही भेटतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे तेव्हा कायद्यात लिहिले गेले. पण घरकाम करणाऱ्या बाईला अजूनही एका खाड्याला एका दिवसाचा पगार सोडावा लागतो. आमच्या बावीसजणींपैकी नऊजणींनी तो सोडला होता. म्हणजे खर्च अकरा हजार नव्हे, त्याहून जास्त होता. एवढे मोल देऊन घेतलेला दिवस वाया गेला, तर त्याची हळहळ मोठी असते.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतला पहिला रविवार. आम्ही नकाशा पुढ्यात घेऊन बेत आखला होता. भोरचा राजवाडा, भाटघर धरण, मग वेल्हे आणि शेवटी केळदचा मढे घाट. नकाशावर हे सगळे एका वितीत मावते. पहिली चूक तीच. भोर आणि वेल्हे हे डोंगराचे तालुके आहेत. नीरेचे खोरे वेगळे, वेळवंडीचे वेगळे, गुंजवणीचे वेगळे आणि मध्ये उभ्या डोंगररांगा. कावळा उडत जाईल तसा माणूस जात नाही. भोरहून मढे घाटाला जायचे तर आम्हाला पुन्हा कापूरहोळला महामार्गावर येऊन, चेलाडी फाट्याला वळून, नसरापूरवरून वेल्हे गाठायचे होते आणि तिथून पुढे केळदचा घाट. (याच वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे.)

सहाला निघायची गाडी साडेआठला निघाली. कोणाचा डबा राहिला, कोणाचे पोर. भोरला पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते. राजवाडा बाहेरूनच पाहिला. ती खासगी मालमत्ता. आत जाता येईल का, कधी येईल, हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. दोष वाड्याचा नाही, आमचा. पोरे म्हणाली, "हे तर सिनेमात बघितलंय." तेवढ्यावर समाधान मानले.

मग भाटघर. हे धरण १९२८ साली पुरे झाले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉईड यांच्या नावाने ते ओळखले जाई; आता जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. पाणी मावते सुमारे साडेतेवीस टीएमसी, आणि ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जाते. जुलैच्या आरंभी धरण खाली गेलेले असते. उन्हाळ्यात पाणी आटले की कांबरे गावाजवळचे जुने कांबरेश्वराचे मंदिर पाण्याबाहेर येते, ते यामुळेच. आम्ही वेळवंडीच्या काठाने जरा आत जाऊन, एका मोकळ्या उतारावर जेवायला बसलो. समोर शांत पाणी, वर ढग, मागे हिरवी झाडी. आमच्याबरोबरच्या सत्तरीच्या आजी म्हणाल्या, "इतकं निवांत जेवण लग्न झाल्यापासून झालं नव्हतं."

जेवण होते न होते तोच पोरे पाण्याकडे पळाली. पाणी घोट्याइतके दिसत होते. बारा वर्षांची एक मुलगी चार पावले पुढे गेली आणि पाचव्या पावलाला दिसेनाशी झाली. क्षणभर कोणाला काही कळले नाही. तिची आई साडी सावरत तशीच पाण्याकडे धावली. तेवढ्यात वरच्या बांधावरून म्हशी हाकणाऱ्या एका बाईने हाक मारली, "कुणी आत शिरू नगा! खाली ताल हाय!" ती धावत आली, आमच्यातल्या एकीच्या डोक्यावरची ओढणी ओढली, दुसरीची तिला बांधली, टोकाला आमचा रिकामा पाण्याचा कॅन अडकवला आणि फेकला. मुलगी एकदा वर आली, तेव्हा कॅन तिच्या हाताला लागला. चौघींनी मिळून ओढून काढली. हे सगळे लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढाही तिथे लागला नाही.

ती बाई नंतर म्हणाली, "तळ्याला काठ असतो, धरणाला नसतो. खाली आमच्या आजेसासऱ्याची भाताची खाचरं हायेत. एक ताल गुडघ्याएवढी, तिच्याखालची पुरुषभर. वर गाळ बसलाय, म्हणून दिसत न्हाय."

आम्ही ज्याला रम्य देखावा म्हणत होतो, ते कोणाचे तरी बुडालेले शेत होते. पायऱ्यापायऱ्यांची खाचरे, जुन्या विहिरी, नदीचे मूळ पात्र, सगळे पाण्याखाली तसेच आहे. वर नव्वदहून अधिक वर्षांचा मऊ गाळ, त्यात पाय रुतला की निघत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो खेचतो. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच तरुण महिला बुडून मरण पावल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीने कोसळून चार जण दगावले. यातले कोणीही मरायला निघाले नव्हते. ते चार घटका मजेत घालवायला निघाले होते, आमच्यासारखेच.

मुलगी थरथरत होती. बाईने सगळ्यांना घरी नेले. चूल पेटवली, मुलीला तिच्या नातीचे कोरडे कपडे दिले. आमच्या आजी मात्र उंबऱ्याबाहेरच उभ्या. बाई म्हणाली, "आत या ना, भाईर का थांबलात?" आजी स्पष्ट म्हणाल्या, "बाई, आम्ही बौद्ध." बाई चुलीवरून मान वर न करता म्हणाली, "असूद्या. तुमी बसा, मी च्या टाकते." आजी आत आल्या. प्रत्येक दारात असेच घडेल असे आम्ही म्हणत नाही; आजींच्या पायाला उंबऱ्याशी थांबायची सवय कशी लागली, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. या भोरच्या रस्त्याने आजी पूर्वी एकदाच आल्या होत्या, तरुणपणी, ट्रकमधून, वरंधा घाट उतरून महाडला, २० मार्चच्या अभिवादनाला. १९२७ साली जिथे ओंजळभर पाण्यासाठी लढा झाला, त्या गावाच्या वाटेवर आज आजी एका अनोळखी घरात बसून चहा पीत होत्या.

इथेच सहल संपवून घरी परतायला हवे होते. पण पोरांना धबधब्याचे वचन दिलेले, आणि गाडीभाडे संध्याकाळपर्यंतचे भरलेले. पैसे वसूल करायच्या हव्यासाने माणूस दुसरी चूक करतो. आम्ही निघालो. वेल्ह्याला पोहोचेपर्यंत साडेचार. पुढे अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग. मध्येच टपाला गाणी लावून नाचणारी, बाटल्या फोडणारी तरुण मंडळी. बायकांसाठी वाटेत कुठेही आडोसा नाही. चारचार तास पाणी न पिता बसलेल्या आमच्या भगिनींचे हाल पुरुषवाचकांनी जरा मनात आणावेत.

मढे घाटावर सहा वाजता उतरलो, तर समोर पांढरी भिंत. धुके एवढे की हाताचा पंजा दिसेना. धबधबा ऐकू आला, दिसला नाही. त्याचे कारण साधे आहे. केळदची ती कडा म्हणजे देशाचा शेवट. खाली एकदम कोकण. समुद्रावरचे ढग त्या कड्याला धडकून वर चढतात आणि भर पावसाळ्यात दिवसदिवस तिथेच बसून राहतात. दरी पाहायची तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात जावे. धुक्यात कड्याची कडाही दिसत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. दुपारची आठवण ताजी होती. बायकांनी पोरांचे हात धरले ते गाडीत बसेपर्यंत सोडले नाहीत. दहा मिनिटांत परत फिरलो. घरी पोहोचायला साडेअकरा वाजले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नळाला पाणी आणि सहाला कामाची घरे होतीच.

हा झाला खर्च. आता जमेच्या बाजूला काय ते पाहू.

पहिले, एका दिवसाला एकच ठिकाण. पाच ठिकाणे पाहू म्हणणारा एकही पाहत नाही. दुसरे, जायच्या आधी चौकशी. पावसाळ्यात वरंधा घाटाची वाहतूक अलीकडे अनेकदा बंद ठेवली जाते, धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात. त्यांवर रागावू नये. तिसरे, गाडी. पन्नास-शंभर रुपये वाचवायला मालवाहू टेम्पोत माणसे भरू नयेत. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आणि मार्च २०२३ पासून एसटीच्या साध्या फेऱ्यांना महिलांना अर्धे तिकीट आहे. स्वारगेटहून भोरला आणि वेल्ह्याला एसटी जाते. चार-पाचजणींना तर तेच सोयीचे.

चौथे, सर्वांत मोठे. धरणाच्या पाण्यात उतरायचे नाही, पाय बुडवायलाही नाही. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारायची नाही. एकाच्या मागे चार जातात ते असेच. साडी, ओढणी, दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल आणि पोहोचेल ते फेकायचे, आडवे पडून ओढायचे, आणि ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. पाचवे, गावातल्या माणसाला विचारायचे. त्या डोंगराची आणि पाण्याची खोड त्याला ठाऊक असते. ज्याची जमीन त्या पाण्याखाली गेली आहे, त्याच्या दारात बाटल्या आणि पत्रावळी टाकून येऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

त्या मुलीच्या आईने महिनाभर कोणाशी सहलीचा विषय काढला नाही. मग एके दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाली, "दादा, पोरीला पोहायला कुठं शिकवतात?" आता मायलेकी दोघी आठवड्यातून तीन दिवस महापालिकेच्या तलावावर जातात. आई काठावर बसत होती, आता तीही कमरेइतक्या पाण्यात उभी राहते.

भिशी पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी ऑक्टोबरचा महिना ठरला आहे, ठिकाण एकच, आणि वाटेत भाटघरच्या त्या घरी नातीसाठी एक फ्रॉक द्यायचा आहे. हिशेबाची नवी वही आम्ही घातली. पहिल्या पानावर खर्चाची पहिली नोंद आहे: दोर, तीस फूट.

आपलीही एखादी सहल फसली असेल, तर लाजू नका. आम्हाला पत्राने कळवा. दुसऱ्याचे लेकरू वाचेल.