बोपण्णानंतर दुहेरीचा आसरा किती काळ?

रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक टेनिसचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या वयाची ४५ वर्षे उलटून गेली होती. पॅरिस मास्टर्स स्पर्धेत अलेक्झांडर बुब्लिकच्या साथीने खेळलेला सामना त्याचा अखेरचा ठरला. दोन ग्रँड स्लॅम विजेतेपदे, एटीपी दौऱ्यावरील दुहेरीची २६ अजिंक्यपदे आणि ४३व्या वर्षी मिळवलेले जागतिक अव्वल स्थान एवढी त्याची कमाई. निवृत्तीनंतर त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला आणि तो रास्तच होता. मात्र त्या कौतुकात एक प्रश्न झाकला गेला. गोव्याशी नाळ असलेला लिएंडर पेस, महेश भूपती, सानिया मिर्झा आणि बोपण्णा या चौघांनी पाव शतकाहून अधिक काळ भारतीय टेनिसची पत राखली, ती प्रामुख्याने दुहेरीत. दुहेरीच्या क्रमवारीत अव्वल ठरलेले भारतीयही हेच चौघे. त्यांतील शेवटचा आता मैदानाबाहेर गेला आहे आणि नेमक्या याच वेळी जागतिक टेनिसमध्ये दुहेरीची जागा आक्रसू लागली आहे.

बोपण्णा दुहेरीकडे कसा वळला, हे पाहिल्यास या प्रश्नाचे मूळ सापडते. जन्म बंगळुरूचा, कुटुंब कोडगूतील कॉफीच्या मळ्यांत रमलेले. अकराव्या वर्षी त्याने रॅकेट हाती घेतली. उमेदीच्या काळात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे त्याने खेळाचे धडे गिरवले. २००३ मध्ये तो व्यावसायिक झाला. एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी २१३. ती २००७ मध्ये गाठली गेली. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभरांना मिळतो. दोनशेच्या आसपास असणाऱ्याला पात्रता फेरीचे दार ठोठवावे लागते, वर्षभर दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धा खेळाव्या लागतात आणि प्रवास, निवास, प्रशिक्षक यांचा खर्च बहुधा पदरचाच असतो. घरच्या मैदानावर मोठ्या स्पर्धा नसलेल्या देशातील खेळाडूला हे ओझे अधिक जाणवते. सत्ताविशी ओलांडता ओलांडता बोपण्णाने दुहेरी हाच मुख्य व्यवसाय मानला, तो या हिशेबापोटी.

हा हिशेब त्याच्या बांध्याला आणि खेळाला मानवणारा होता. सव्वासहा फुटांहून अधिक उंची, जोरकस सर्व्हिस आणि एकहाती बॅकहँड हे त्याचे भांडवल. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद, तर दुहेरीचे ३६ फूट. परंतु ते राखायला दोघे असतात. त्यामुळे लांबलचक रॅली क्वचितच घडतात. अचूक पहिली सर्व्हिस, जाळ्याजवळची व्हॉली आणि पुढे धावून येणाऱ्याच्या पायांशी टाकलेला परतीचा फटका या तीन गोष्टींवर बहुतेक गुणांचा निकाल लागतो. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत ड्यूसनंतर दोन गुणांची आघाडी घ्यावी लागत नाही, पुढचा एकच गुण गेम ठरवतो. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. येथे दमसासापेक्षा धीर आणि अंदाज यांना अधिक मोल असते. चाळिशी पार केलेला खेळाडू दुहेरीत टिकू शकतो तो यामुळे, आणि एखादी सर्व्हिस हुकताच सामना गमावण्याची टांगती तलवार त्याच्यावर कायम राहते तीही यामुळेच.

दुहेरीच्या खेळाडूचे दुसरे भांडवल म्हणजे जोडीदार. क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र असते. पण स्पर्धेतील प्रवेश दोघांच्या एकत्रित क्रमवारीवर ठरतो. परिणामी जोडी जमवणे, टिकवणे आणि वेळ येताच मोडणे हा या व्यवसायाचाच भाग होऊन बसतो. पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर बोपण्णाने २०१० मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. ब्रायन बंधूंकडून ही जोडी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरली. पण दोन शेजारी देशांतील वैर बाजूला सारून जिंकणारी जोडी म्हणून तिने जगाचे लक्ष वेधले. त्याच सप्टेंबरात चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस करंडक लढतीत भारत ०-२ असा पिछाडीवर होता. बरोबरी साधल्यावर निर्णायक पाचव्या सामन्यात बोपण्णाने रिकार्डो मेलोला सरळ सेटमध्ये हरवले. तो सामना एकेरीचा होता. दुहेरीचा शिक्का बसलेल्या या खेळाडूत एकेरीची कुवत किती होती, याचा तो पुरावाच.

पुढची वर्षे चढउतारांची. भूपतीच्या साथीने २०१२ मध्ये आणि रुमानियाच्या फ्लोरिन मेर्गियाच्या साथीने २०१५ मध्ये त्याने वर्षअखेरच्या एटीपी फायनल्सची अंतिम फेरी गाठली. २०१३ मध्ये तो क्रमवारीत तिसरा होता. २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोवस्कीसह दोन मॅचपॉइंट वाचवून त्याने फ्रेंच खुल्या स्पर्धेचे मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर मात्र भारताची ही दुहेरीतील श्रीमंतीच गळ्याचा फास ठरली. लंडन २०१२ च्या आधी भूपती व बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळण्यास नकार दिला. अखिल भारतीय टेनिस संघटनेने दोन जोड्या पाठवल्या, पदक एकीलाही मिळाले नाही आणि नंतर या दोघांवर लादलेल्या बंदीचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. रिओ २०१६ साठी पहिल्या दहांत असलेल्या बोपण्णाची पसंती साकेत मायनेनीला होती. संघटनेने पेसचे नाव निश्चित केले आणि ही जोडी पहिल्याच फेरीत बाद झाली. मिश्र दुहेरीत सानियासह त्याचे कांस्यपदक एका सामन्याने हुकले. चार नामवंत खेळाडू हाताशी असूनही देशाकडे निवडीचे ठरलेले, सर्वांना मान्य असलेले निकष नव्हते. प्रत्येक वेळी निर्णय तडजोडीने वा हट्टाने झाला आणि त्याची किंमत मैदानावर मोजावी लागली.

बोपण्णाच्या कारकिर्दीचा सर्वांत विलक्षण भाग सुरू झाला तो इतरांची कारकीर्द संपते त्या वयात. गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली होती. २०२१ च्या सुरुवातीचे काही महिने तर विजयाविना गेले आणि खेळ सोडण्याचा विचार त्याच्या मनात घोळू लागला. त्याला सावरले ते अय्यंगार योगाने, बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात राहून घडवलेली हीच ती पद्धती. वेदनाशामक गोळ्यांवरील अवलंबन सुटले, सरावाची आखणी बदलली आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन जोडीदार म्हणून लाभला. त्या मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकून बोपण्णा मास्टर्स १००० दर्जाच्या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता ठरला. त्याच वर्षी हांगझोऊ एशियाडमध्ये महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसह त्याने मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नमध्ये सिमोन बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असे नमवून त्याने पुरुष दुहेरीचे पहिले ग्रँड स्लॅम जिंकले. दोनच दिवसांनी प्रसिद्ध झालेल्या क्रमवारीत त्याचे नाव अग्रस्थानी होते. त्याआधी सर्वाधिक वयात पहिल्यांदाच पुरुष दुहेरीचे अव्वल स्थान मिळवण्याचा मान राजीव रामकडे होता; तो त्या वेळी ३८ वर्षांचा होता.

या यशाचे आर्थिक परिमाणही पाहायला हवे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार. दोघांत वाटणी झाल्यावर एकाच्या हाती आले ३ लाख ६५ हजार, म्हणजे एकेरीच्या विजेत्याच्या सुमारे नवव्या हिश्शाइतके. दुहेरी स्वस्तात मिळणारे यश देते असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण टेनिसच्या अर्थकारणात तिचे स्थान दुय्यम आहे हे आकडे लपू देत नाहीत.

आता तर ते स्थानही डळमळू लागले आहे. विम्बल्डनने २०२३ पासून पुरुष दुहेरीचे सामने पाच सेटवरून तीन सेटवर आणले. अमेरिकन खुल्या स्पर्धेने २०२५ मध्ये मिश्र दुहेरीचा साचाच बदलला. मुख्य स्पर्धेपूर्वीच्या दोन दिवसांत केवळ १६ जोड्या खेळल्या. निम्म्या जोड्या एकेरीच्या क्रमवारीवर निवडल्या गेल्या, उरलेल्या आयोजकांच्या मर्जीतील वाइल्ड कार्डवर. अंतिम सामना वगळता चार गेमचे आखूड सेट ठेवण्यात आले. विजेत्या जोडीला तब्बल दहा लाख डॉलरचे बक्षीस होते. आदल्या वर्षीचे विजेते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांनी या बदलावर कडक टीका केली होती. वाइल्ड कार्डवर उतरून त्यांनीच इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना अंतिम फेरीत हरवले. मेलबर्नमध्ये बोपण्णाकडून पराभूत झालेला वावासोरी तो हाच. दुहेरी ही स्वतंत्र विद्या आहे, हे त्या निकालाने दाखवून दिले. पण प्रेक्षागार भरले ते एकेरीच्या ताऱ्यांमुळे, हेही आयोजकांनी पाहिले. प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्यांच्या लेखी दुसरी गोष्ट अधिक वजनदार आहे आणि उद्या हाच साचा इतरत्र उचलला गेला, तर केवळ दुहेरीवर पोट असलेल्या खेळाडूंना दार किलकिलेच मिळेल.

भारतासाठी ही चिंता दूरची नाही. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेतील मुलांचा विजेता होता, २०१८ मध्ये तो एकेरीत ८३व्या स्थानापर्यंत पोहोचला आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्याची वाट अडवली. मग दुहेरीने त्याला दुसरा डाव दिला. २०२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत न्यूझीलंडच्या मायकल व्हीनससह तो उपांत्य फेरीत खेळला. पुण्याचा अर्जुन कढे आणि ऋत्विक बोल्लिपल्ली यांनी २०२४ मध्ये अल्माटीत एटीपी विजेतेपद मिळवले. श्रीराम बालाजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बोपण्णाचा साथीदार होता. या सर्वांना दुहेरीने काम दिले आणि ओळखही दिली. त्याच वेळी एकेरीत पहिल्या शंभरांत टिकून राहणारा एकही भारतीय आज नाही. सुमित नागल जुलै २०२४ मध्ये ६८व्या स्थानी पोहोचला होता. ते स्थान त्याला राखता आले नाही.

याचे खापर खेळाडूंच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते योग्य ठरणार नाही. एकेरीचा खेळाडू घडण्यासाठी घराजवळ, दर आठवड्याला, वाढत्या दर्जाच्या स्पर्धा लागतात. एटीपी दर्जाची भारतातील एकमेव स्पर्धा दोन दशके चेन्नईत झाली, २०१८ मध्ये ती पुण्याच्या बालेवाडीत आली आणि २०२३ नंतर भारताच्या हातून गेली. बोपण्णाने ती दोनदा जिंकली होती, २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह. आज भारतीय तरुणाला देशात चॅलेंजर स्पर्धा मिळतात, त्यांच्या वरची पायरी गाठण्यासाठी मात्र परदेशी जावे लागते. जो खर्च करू शकतो तो टिकतो. उरलेले बावीस-तेविसाव्या वर्षी थांबतात किंवा दुहेरीकडे वळतात. बोपण्णासमोर वीस वर्षांपूर्वी जे गणित होते, ते फारसे बदललेले नाही. फरक एवढाच की तेव्हा दुहेरीचा आसरा आजच्याहून भक्कम होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये बील येथे भारताने डेव्हिस करंडकात स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवले. युरोपच्या भूमीवर युरोपीय संघाविरुद्ध असा विजय भारताला १९९३ नंतर प्रथमच मिळाला. त्या लढतीत भारताने दुहेरी गमावली. तिन्ही गुण एकेरीतून आले. दोन नागलने मिळवले, एक अमेरिकी विद्यापीठात खेळून तयार झालेल्या दक्षिणेश्वर सुरेशने. एका लढतीवरून दिशा बदलल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तरीही टेनिस संघटना, राज्य सरकारे आणि प्रायोजक यांनी पैसा कुठे लावायचा, याचा संकेत त्यात आहे. पुण्यासारखी गमावलेली स्पर्धा परत आणणे, चॅलेंजरची संख्या वाढवणे, पंधरा ते बावीस या वयोगटाचा प्रवासखर्च उचलणे आणि ऑलिम्पिक निवडीचे निकष आधी जाहीर करणे ही कामे चमकदार नाहीत. ती झाली, तर पुढचा बोपण्णा दुहेरी निवडेल ती आवडीने. न झाल्यास त्याला दुहेरीकडे वळावे लागेल अगतिकतेने, आणि तेव्हा तेथेही जागा उरलेली असेलच याची खात्री देता येणार नाही.