पाडव्याची वाटी आणि मिलेटसचं बंदर

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात पाडव्याच्या सकाळी एखाद्या मराठी घराच्या गॅलरीत गुढी उभी राहते. खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर उपडा तांब्या. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी उगादी असते, गुढी नसते. कडुलिंब आणि गूळ मात्र दोन्हीकडे, तिकडे त्याला बेवु-बेल्ला म्हणतात. शाळकरी पोर विचारतं, "काकूंकडे गुढी का नाही?" मोठी माणसं म्हणतात, "त्यांची पद्धत वेगळी." विषय मिटतो.

इ.स.पू. सहाव्या शतकात मिलेटसच्या आसपास तो मिटला नाही.

आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं हे ग्रीक बंदर. इथली जहाजं काळ्या समुद्रापासून इजिप्तमधल्या नौक्रातिसपर्यंत जात, आणि धान्याबरोबर गावोगावच्या देवांच्या गोष्टीही परत येत. शेजारच्या कोलोफोनच्या झेनोफेनीसनं नेमकं बोट ठेवलं: इथिओपियनांचे देव काळे, थ्रेशियनांचे निळ्या डोळ्यांचे, जो तो आपल्यासारखाच देव घडवतो.

मिलेटसच्या थेलीसला पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगताना दिसली. भूकंप म्हणजे तिचा हेलकावा. ही नावेत बसलेल्या माणसाची कल्पना आहे. चुकीची, पण 'समुद्रदेव पोसायडन कोपला' म्हणून हात झटकणारी नव्हे. त्याच गावच्या, परंपरेनं त्याचाच शिष्य मानलेल्या अनॅक्सिमँडरनं हा आधारही काढून घेतला. पृथ्वी कशावरच टेकलेली नाही, सगळीकडून सारख्या अंतरावर आहे, मग ती कलणार कुठे? जगाचा नकाशा काढल्याचं श्रेयही त्यालाच देतात.

तरी सगळं श्रेय समुद्राला देणं घाईचं ठरेल. फिनिशियन तर ग्रीकांच्याही आधीचे पट्टीचे दर्यावर्दी. ग्रीकांनी अक्षरंसुद्धा त्यांच्याकडून उचलली. फरक पडला तो गुरूचं म्हणणं चारचौघांत खोडता येण्यानं.

आपल्याकडेही गलबतं होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) दानं कोरलेली आहेत, आणि 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि चौलची नावं येतात. वादाचंही वावडं नव्हतं: 'मिलिंदपन्ह'मध्ये यवन राजा भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. पण बौधायन धर्मसूत्रानं समुद्रप्रवास पातकांत घातला, आणि पुढे ही सिंधुबंदी इतकी पक्की झाली की विसाव्या शतकात सावरकरांना ती तोडा म्हणून लिहावं लागलं. परका माणूस दाराशी आला तर चालेल, आपण त्याच्या दाराशी जायचं नाही, असा हा उफराटा व्यवहार.

इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस उद्ध्वस्त केलं. पुढे नदीच्या गाळानं बंदर बुजलं. आज समुद्र तिथून काही किलोमीटर दूर आहे. जे. पी. नगरला तर समुद्र कधीच नव्हता. काकूंकडून आलेली बेवु-बेल्लाची वाटी तेवढी ओट्यावर आहे, आणि ती परत करायला पोरालाच पाठवायचं ठरलंय.