पहाट झाली म्हणतात, मग उजाडलं का नाही?



सभेला बाहेरचे पाहुणे आले की भाषणात एक शब्द हमखास येतो, ‘पहाट’. 1947 ला स्वातंत्र्याची पहाट झाली. 2006 ला वनहक्क कायदा झाला, तेव्हा आदिवासींच्या जीवनात नवी पहाट झाली. एखादी योजना आली की परत पहाट. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. घरी आल्यावर म्हातारी माणसं विचारतात, ‘एवढ्या पहाटा झाल्या, मग उजाडलं का नाही रे?’

मला वाटतं, शब्द चुकीचा नाही. शब्द आपलाच आहे. तो वापरणाऱ्यांना पहाट कशी होते ते माहीत नाही, एवढंच.

शहरात पहाट म्हणजे घड्याळात चार-पाच वाजले. आपल्याकडे पहाट एका झटक्यात होत नाही. पहिला कोंबडा आरवतो तेव्हा सगळा काळोखच असतो. मग शुक्राची चांदणी वर येते. मग झुंजूमुंजू होतं, समोर माणूस दिसतो पण कोण ते ओळखू येत नाही. मग तांबडं फुटतं, फटफटतं आणि त्यानंतर आपण म्हणतो, उजाडलं. पहिल्याच कोंबड्याला कुणी ‘उजाडलं’ म्हणून ओरडला तर त्याला येडा म्हणतील.

कायदा झाला हा पहिला कोंबडा. तोसुद्धा फुकट आरवला नाही. मे 2002 मध्ये केंद्राच्या वनमंत्रालयाने राज्यांना पत्र काढलं की 30 सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं हटवा. देशात ठिकठिकाणी झोपड्या मोडल्या, उभी पिकं तुडवली. त्याच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले, म्हणून डिसेंबर 2006 ला कायदा संसदेत मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2008 ला नियम आले. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. पण कोंबडा आरवला म्हणजे दिवस निघाला नाही.

पुढचं मोजायचं कसं? दावा भरून दिला आणि वनहक्क समितीची लेखी पोच हातात आली, ही शुक्राची चांदणी. समितीने जागेवर येऊन पाहणी केली, बांध, जुनी झाडं, घराची जागा लिहून घेतली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, हे झुंजूमुंजू. ग्रामसभेने ठराव केला, तांबडं फुटलं. उपविभागीय आणि जिल्हा समितीने मान्य केलं, फटफटलं. नवरा-बायको दोघांच्या नावाचा पट्टा, कसतो तेवढ्या क्षेत्राचा, हातात आला, तेव्हा उजाडलं. कसतो चार एकर आणि कागदावर दहा गुंठे, त्याला मी उजाडलं म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट. भाषणातली पहाट बसून ऐकायची असते. आपली पहाट कामाची असते. मोहाची फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात. ऊन चढल्यावर गेलं तर गुरं आणि रानातली जनावरं खाऊन जातात. म्हणून आपल्या बाया अंधारातच टोपली घेऊन झाडाखाली पोचतात. पहाट झाली म्हणून कुणी मोह घरी आणून देत नाही, तो वेचावा लागतो. हक्काचंही तसंच आहे.

आपल्यात म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मोर्चात ही म्हण ऐकली की बरं वाटतं. पण ती सूर्यासाठी खरी आहे. दाव्याची फाईल कपाटात झाकून ठेवली तर तांबडं खरंच फुटत नाही. आमच्या पाड्यावर पोच न घेता दावे दिले गेले. पुढे कार्यालयात विचारलं तर ‘असा दावाच आला नाही’ असं उत्तर मिळालं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दावा नामंजूर झाला तर लेखी कारण मागा. त्यावर 60 दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. ते दिवस वाट बघण्यात गेले तर भाषणातली कुठलीच पहाट ते परत देत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळे घेतात. 2009 ला त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. लोक म्हणतात तिथे पहाट झाली. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव ग्रामसभेत बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून निर्णय घेत होतं, जंगल राखत होतं. म्हणजे कोंबडा आरवण्याच्या आधीच ते जागे होते.

आणि एक लक्षात ठेवा, पहाटेची वाट आपणच बघतो असं नाही. झोपड्या मोडायला पथकंही पहाटेच येतात, माणसं झोपेत असताना. दाव्याची चौकशी आणि मान्यता पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हटवता येत नाही, असं कायद्याच्या कलम 4 (5) मध्ये आहे. पोच आणि ठरावाची झेरॉक्स पेटीच्या तळाशी पुरून ठेवू नका, हाताशी ठेवा. अंधारात तोच कंदील.

म्हणून माझं म्हणणं आहे, आपल्या पत्रकात आणि सभेत ‘नवी पहाट’ एवढंच लिहिणं-बोलणं बंद करू. पाहुणा पहाट म्हणाला की विचारू, कुठली? चांदणीची की तांबड्याची? किती दाव्यांची? येत्या ग्रामसभेत पाड्यावर किती दावे, पोच कितींना, पाहणी कितींची, नामंजूर किती, हे फळ्यावर लिहा आणि बायांच्या समोर वाचून दाखवा. कोरम बायांशिवाय पुरा होत नाही, आणि पहाटे सगळ्यात आधी उठतात त्याही बायाच. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच विचारतील, ‘एवढ्या मीटिंगा केल्या, काय उजेड पाडला?’

जिंदाबाद!